काटकसरीला सोबत लागते

(गोव्यात, डिचोलीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी सांगितलं, बचतीच्या योजना सांगायच्या असतील तर मला बोलावू नका. कुठे किती टक्के व्याज मिळतं ते तुम्ही मोबाइलवर माझ्यापेक्षा लवकर बघता. माझी नोकरी पतसंस्थेच्या काउंटरमागे गेली. पैसे ठेवायला येणारी आणि काढायला येणारी, दोन्ही तऱ्हेची माणसं पाहिली, आणि बहुतेक वेळा ती एकच असायची. जूनमध्ये मोठ्या निश्चयाने खातं उघडणारी बाई चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की पासबुक घेऊन पुन्हा समोर उभी. हिशेब तिला येत होता, निश्चयही खोटा नव्हता. मग मोडलं कुठे?

माझं उत्तर आधीच सांगते, म्हणजे ज्यांना लवकरची बस गाठायची आहे त्यांची सोय होईल. काटकसर मोडते ती चारचौघांत. आणि चारचौघं सोबत असतील तरच ती टिकते. बाकी सगळं भाषण या दोन वाक्यांचं आहे.

आपल्या आज्या-पणज्या किती काटकसरी होत्या, असं आपण कौतुकाने सांगतो. होत्याच. पण ती काटकसर चालायची कशी, ते बघा. मे लागला की पुरुमेंत. पावसात नद्या फुगायच्या, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बाजार गाठायचे वांधे. म्हणून चार महिन्यांचं सगळं आधी भरायचं: उकडे तांदूळ, खडेमीठ, खारे बांगडे, सुकी सुंगटं, मिरच्या, चिंच, हळसांदे, फणसाची साटं. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार त्या दिवसांत ओसंडून वाहतो, आणि मडगावच्या होली स्पिरिट चर्चजवळच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, तर नावच पुरुमेंताचं आहे.

आता त्यातलं एकच काम घेऊ, सोलं, म्हणजे आमसुलं, करायचं. भिंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, बिया काढायच्या, सालं मिठाबरोबर त्यांच्याच रसात भिजत घालायची. दुसऱ्या दिवशी काढून उन्हात पसरायची, संध्याकाळी पुन्हा त्या रसात. असं काळी कुळकुळीत होईपर्यंत रोज. मध्येच मेचा वळीव आला की अंगणातली चटई चार कोपरे धरून आत पळवायची. चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात हे लक्षात घ्या. सासू, दोन सुना, एक आत्ये, शेजारची काकी. हातावर कोकमाचा डाग आठवडाभर. ती बरणी पुढे वर्षभर कडीला पुरायची आणि आपण म्हणायचो, बघा, एक पैसा खर्च नाही! पैसा नव्हताच गेला. पाच बायकांचा मे महिना गेला होता आणि तो कुठल्या वहीत लिहिलेला नव्हता.

आज ती चटई धरायला कोण आहे? नवरा-बायको आणि एक मूल. बाई पणजीला नोकरीला, संध्याकाळी सात वाजता घरी. तिला कुणीतरी व्हिडिओ पाठवतं, मसाला घरी करा, पैसे वाचवा. वाचतात. पण अख्खा रविवार जातो. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर भाजी बाजारापेक्षा स्वस्त असते. सकाळी ऑफिस गाठायचं असेल तर रांगेत उभं कोण राहणार? ‘आपण साधं राहू’ हा ठराव बहुधा पुरुष मांडतात आणि अंमलबजावणी स्वयंपाकघरात होते. पहिल्या रांगेतले हसताहेत, म्हणजे मुद्दा पोचला. ज्या घरात काटकसरीचं काम वाटून घेतलेलं नाही, तिथे ती सहा महिन्यांत बंद पडते. बाईला आळशी म्हणून मोकळं होऊ नका.

पुरुमेंतात आणखी एक गोष्ट होती. अख्खा गाव एकाच वेळी सुकं खायचा. पावसाळ्यात कुणाच्या ताटात खाऱ्या बांगड्याची किसमूर असली तर कुणाला लाज नव्हती, कारण शेजारच्या ताटातही तीच होती. सण-उपास असले तर दोघांकडे मिळून खतखतं, म्हणजे मिश्र भाजी. आणि त्या काळी सगळं अभावाचंच होतं असंही समजू नका. १९५५ पासून भारताने नाकेबंदी केली तेव्हा इथल्या दुकानांत हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा येत होता. जुनी माणसं ते अजून चवीने सांगतात. चांगल्याची आवड आपल्याला कायमचीच आहे. गोव्याच्या माणसाला गरीब म्हटलेलं एक वेळ चालेल, कंजूस म्हटलेलं चालत नाही.

म्हणून पाहुणा आला की घोटाळा होतो. एरवी घरात तारले, पेडवे ही साधी मासळी आनंदाने खातात. स्वस्त, ताजे, काट्याचे पण गोड. पाहुणा येणार म्हटलं की तोच माणूस पिशवी घेऊन इसवण, म्हणजे सुरमई, आणायला धावतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा तर इसवणाचा भाव विचारायला धीर लागतो. तरी आणायचा. जावयासमोर तारल्याचं हुमण? घरातली म्हातारीच म्हणते, ‘लज ना तुका?’ पाहुण्यालाही घरी तारलेच आवडत असतात, हे वेगळं सांगायला नको. दोघंही एकमेकांसाठी इसवण खातात.

डिचोलीत उभी राहून लोहखनिजाच्या खाणींचं नाव घेतलं नाही तर तुम्हीच विचाराल. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्ये थोड्या चालल्या, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून त्या पुन्हा बंद पडल्या. ट्रक कर्जावर घेतलेले, हप्ते चालू, ट्रक अंगणात. त्या घरांना काटकसरीवर व्याख्यान द्यायची माझी हिंमत नाही. ती काटकसर नव्हती, ती अडचण होती, आणि ज्यांच्या हातात निवड असते त्यांनाच हा शब्द शोभतो. पण त्या वर्षांत काउंटरवरून जे दिसलं ते सांगते. माणसं काय आधी तोडतात आणि काय शेवटी, याचा एक क्रम होता. आधी वर्तमानपत्र, मग केबल, मग रविवारचं मटण, मग मुलाचा क्लास. सगळ्यांत शेवटी जत्रेची आणि देवळाची वर्गणी. एकाने हप्ता चुकवला होता, वर्गणी चुकवली नव्हती. आमच्या साहेबांनी त्याला सुनावलं. मला मात्र त्याचं म्हणणं पटलं होतं. हप्ता थकला तर संस्था नोटीस पाठवते, वर्गणी थकली तर गावातून आपलं नाव पुसल्यासारखं होतं. ज्या खर्चाने आपण चार लोकांत उभे असतो, तो तोडायला सगळ्यांत जड जातो. काटकसरीची पुस्तकं कॉफी सोडा, हॉटेल सोडा सांगतात. तो सोपा भाग आहे हो.

अवघड भाग म्हणजे वजे. बाहेरगावचे कोणी असतील त्यांच्यासाठी सांगते: मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेरहून सासरी जे पाठवायचं असतं ते. नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, खाजे, केळ्यांचे घड, नारळ, फळं. हे सासरचे एकटे खात नाहीत, वाड्यावर, म्हणजे वस्तीत घरोघर, वाटतात. म्हणजे किती पाठवायचं हे मुलीचा बाप ठरवत नाही, सासरच्या वाड्यावर घरं किती आहेत त्यावर ते ठरतं. पुरलं नाही तर मुलीला वर्षभर ऐकावं लागतं. आणि आता नेवऱ्यांच्या टोपल्यांबरोबर सुक्या मेव्याचे सजवलेले डबे, मिक्सर, काही ठिकाणी सोन्याची वस्तू.

आमच्याकडे कर्जाच्या अर्जावर एक रकाना असायचा, कर्जाचे कारण. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात अर्ज वाढायचे आणि त्या रकान्यात सरसकट ‘घरदुरुस्ती’. श्रावणातल्या पावसात कौलं कोण काढतं? आम्हाला कळायचं, त्यांना आम्हाला कळतंय हे कळायचं. मी शिक्का मारायची. एका बाईने मात्र सरळ लिहिलं, ‘चेडवाचें वजे’, म्हणजे मुलीचं वजे. साहेबांनी अर्ज परत केला, कारण बदलून आणा म्हणून. तिने तिथेच खोडून घरदुरुस्ती लिहिलं आणि कर्ज मंजूर झालं. आमच्या संस्थेची गंमत सोडा. ऋण काढून सण करू नये ही म्हण त्या बाईलाही येत होती. म्हणी सगळ्यांना येतात.

लहानसहान फसगतीवर मी फार बोलणार नाही. साखळी-केरी-चोर्ला घाटाने बेळगावला जाऊन लग्नाचे कपडे स्वस्तात आणायचे आणि गाडीचं पेट्रोल, दोन वेळचं जेवण, वाटेतला कुंदा हिशेबात धरायचा नाही, हे आपण सगळे करतो. मजा म्हणून जा, वाचवलं म्हणू नका. बिनव्याजी हप्त्यांचं तसंच. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्क्यात व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाने लपलेलं असतं. दुचाकी सोडून बसने जाईन म्हणणारे पुष्कळ भेटतात. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, नोंदलेली वाहनं आता त्याच्याही पुढे गेली आहेत. रात्री आठनंतर आतल्या गावाला बस मिळत नसेल तर तो माणूस तरी काय करणार? प्रत्येक खर्चाला मनाचा दुबळेपणा जबाबदार धरण्यात अर्थ नाही.

आता टिकतं काय, ते. माझ्या नोकरीत बचतीचा एकच प्रकार डोळ्यांसमोर टिकला, तो पिग्मी. १९२८ मध्ये उडुपीला सिंडिकेट बँकेने तो सुरू केला आणि पुढे पतसंस्थांनी उचलला. रोज एक माणूस दारात येतो, दहा-वीस-पन्नास जे असेल ते घेतो, नोंद करतो, जातो. हिशेब घालून बघितलं तर पिग्मी काही शहाणपणाची नाही. व्याज कमी, मुदतीआधी मोडली तर कपात, एजंटचं कमिशन शेवटी कुठून येतं ते उघड आहे. मोबाइलवर आवर्ती ठेव लावली तर जास्त मिळेल. हे मी खातेदारांना सांगायची आणि त्या मान डोलवून पिग्मीच ठेवायच्या. बाजारात फुलं विकणारी एक म्हणाली, ‘मोबायल म्हाका विचारता व्हय, आयज कित्याक दिलें ना म्हणून?’ एजंट विचारतो. दोन दिवस चुकले की तो पायरीवर बसून पाणी मागतो आणि चौकशी करतो, बरं नाही का, धंदा बसला का. गृह आधार या सरकारी योजनेचे दीड हजार खात्यात आले की त्यातले पाचशे वेगळे काढून त्याच्यासाठी फळीवरच्या डब्यात ठेवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. कमी व्याजाच्या बदल्यात त्यांनी विचारणारा माणूस विकत घेतलेला असतो. आता काही ठिकाणी एजंटऐवजी क्यूआर कोड चिकटवलाय. बघू किती चालतं ते.

हीच गोष्ट खर्चाला लावता येते का, हे एका वाड्यावर बायकांनी करून पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही, तुमच्यातले काही ओळखतील. त्यांनी चवथीच्या बरंच आधी, आषाढातच बसून ठरवलं: आपल्या वाड्यावर सून आली तर तिच्या माहेरी आपणच निरोप द्यायचा की नेवऱ्या आणि फळं, बस्स, घरोघर दोन-दोन नेवऱ्या पोचल्या की झालं. मुलीकडच्यांनी ‘आम्ही कमी देतो’ म्हणायची सोय नसते, पण सासरच्यांनी ‘आम्हाला कमी पुरे’ म्हणायला कुणाची आडकाठी आहे? किल्ली त्यांच्या हातात आहे, हे त्या बायकांनी बरोबर ओळखलं. सोलंही त्या एकत्र घालतात, एकीच्या स्लॅबवर, आणि पाऊस आला की जी घरी असेल ती धावते.

सगळं सुरळीत चाललंय असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. गेल्या चवथीला परदेशात नोकरी करणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी निरोप ऐकला, हो म्हटलं, आणि टेंपोतून फ्रीज पाठवला. फ्रीज परत पाठवायचा की नाही यावर वाड्यावर दोन तट पडले. सासू म्हणते, आलेली लक्ष्मी परत करत नाहीत. बाकीच्या म्हणतात, मग पुढच्या वर्षी आमच्या मुलींनी काय करायचं? मला त्यांनी मध्यस्थीला बोलावलंय, येत्या रविवारी. मी परत करा म्हणणार आहे. तुमच्यातल्या कुणाला काही वेगळं सुचत असेल तर चहाच्या वेळी जरूर सांगा.