मूठ आधी, पातं नंतर

श्रोतेहो, नमस्कार. दसरा जवळ आला की मला हमखास विचारतात, घरात पूजेला हातानं घडवलेली एक चांगली तलवार घ्यायची आहे, कुठली घेऊ? धोप की तेगा? सरळ की बाकदार? माझं उत्तर एकच असतं. मूठ आधी बघा, पातं नंतर.

धोप म्हणजे लांब, जवळजवळ सरळ पात्याची, घोड्यावरून चालवायला सोयीची मराठा तलवार. तेगा रुंद आणि चांगलाच बाकदार. दांडपट्ट्याची मूठ हातमोज्यासारखी, तिच्या खोबणीत हात गेला की मनगट वळत नाही, म्हणून पट्टा शिकल्याशिवाय हाती धरू नये. आणि फिरंग? तिचं पातं युरोपातून यायचं, मूठ मात्र इथली. बघा, आपल्या माणसांनी पातं परमुलखातलं चालवून घेतलं, पण मूठ आपल्या हाताच्या मापाचीच बसवली.

मला हे कळलं एकोणिसाव्या वर्षी. कोल्हापुरात तालमीत मर्दानी खेळ शिकत होतो. पहिल्या कमाईतून एका जत्रेत मी तेगा घेतला. पातं तळहाताएवढं रुंद, आरशासारखं लखलखीत. विकणाऱ्यानं सांगितलं, अस्सल हातकाम. खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर मांडलेली, झेंडूची फुलं वाहिलेली. मी माझा तेगा मधोमध ठेवला. वस्तादांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पूजा झाल्यावर म्हणाले, "उचल त्यो. हात सरळ पुढं धर. मी थांब म्हणेपर्यंत खाली आणायचा न्हाई."

पंचवीस आकडे मोजून होईतो माझं मनगट थरथरायला लागलं. चाळिसाला टोक जमिनीला टेकलं. मग त्यांनी स्वतःची जुनी धोप माझ्या हातात दिली. माझ्या तेग्यापेक्षा वीतभर लांब, पण हातात आली आणि वाटलं, हात तेवढाच लांब झालाय. शंभर आकडे सहज धरली.

दारात बांधून उरलेला केळीचा एक खुंट कोपऱ्यात होता. वस्तादांनी तो कुस्तीच्या हौद्याच्या कडेला मातीत रोवायला लावला, सगळ्यांना माझ्या मागं भिंतीशी उभं केलं आणि म्हणाले, "हाण आता." मी हाणला. खट् असा आवाज झाला. मूठ माझ्या हातात, आणि पातं हौद्याच्या तांबड्या मातीत जाऊन रुतलेलं! कुणी बोललं नाही. समोर कुणी असतं तर?

वस्तादांनी मूठ उलटी करून मला दाखवली. आत पेन्सिलीएवढी बारीक सळई, वेल्डिंगनं पात्याला चिकटवलेली. ती तुटली होती. मग त्यांनी शेगडी पेटवली. एका खिळखिळ्या जुन्या तलवारीची मूठ तापवून काढली. पात्याचा मुठीत जाणारा भाग चांगला अंगठ्याएवढा रुंद होता. त्यांनी लाख वितळवली, तीत विटेची वस्त्रगाळ पूड घातली, मिश्रण मुठीत ओतलं आणि पातं सरळ दाबून बसवलं. लाखेचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. गार झाल्यावर मूठ हलवून माझ्या कानाशी धरली. "काय ऐकू येतंय?" काहीच नाही. "हे ऐकायचं असतं," म्हणाले.

तर श्रोतेहो, घेताना तलवार कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली, ठेवून द्या. मुठीत चारही बोटं मावतात का बघा, दाटून नकोत आणि सैलही नकोत. वजन किलोच्या आसपास असावं. दोन-अडीच किलोची तलवार भिंतीवरच शोभते. पातं बोटावर तोला, तोल मुठीपासून वीतभराच्या आत यावा. गाडीच्या पाट्याचं, म्हणजे कमानीचं पोलाद चांगलं. लांब पात्याला स्टेनलेस नको. पण हे सगळं नंतर. मूठ आधी.

आणि वाढदिवसाचा केक तलवारीनं कापतात, ते मला अजिबात सहन होत नाही. ज्या हत्याराला आपण फुलं वाहतो, त्याला क्रीम कसली लावता? शिवाय पोलीस गुन्हा दाखल करतात, तो वेगळाच. धारेची तलवार घेण्याआधी १९५९ चा शस्त्र कायदा काय म्हणतो, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आणि दुकानात जाण्याआधी पुण्याच्या केळकर संग्रहालयात जा. जुन्या मुठी किती लहान असतात, ते काचेतून नीट बघा.

एक राहिलं. पूजेचं हळदकुंकू पात्यावर रात्रभर ठेवू नका. त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसा, बोटांचे ठसेसुद्धा पुसा, नाहीतर तिथंच गंज धरतो. मग तेलाचा हात फिरवा. आणि चामड्याच्या म्यानात तलवार वर्षभर ठेवू नका, चामडं ओल धरतं. नमस्कार.