कांडीचा दोरा आणि न्यूयॉर्क

(दृश्य : यंत्रमाग चालू. निवेदन सुरू होताना खडखडाट मागे सरतो.)

सोलापूरच्या पूर्व भागात बोलायचं तर आवाज चढवूनच. माग थांबले की उलट लोकांना चुकल्यासारखं होतं.

अशाच एका घरात चादरींच्या गठ्ठ्यावर पृथ्वीगोल ठेवलाय. घरातली नात दहावीला. तिचा काका अमेरिकेत असतो आणि आजोबांना, म्हणजे आप्पांना, यंदा त्याच्याकडे जायचंय.

(दृश्य : भिंतीवरचा जगाचा नकाशा, त्यावर लाकडी पट्टी.)

नातीनं आधी नकाशावर पट्टी ठेवली. मुंबई ते न्यूयॉर्क. रेघ अरबस्तानावरून, इजिप्त, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरली. दिसायला अगदी सरळ. नकाशा असा फसवतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर अंथरायची, तर ती कुठेतरी ताणावीच लागते.

मग आप्पांनी कांडीवरचा हातभर दोरा तोडला.

"आप्पा, एक टोक मुंबईवर दाबून धरा की. आता ताणा."

(दृश्य : जवळून. पिवळटसर सूत, गोलावर ताणलेलं.)

दोरा ताणला आणि आपोआप वर सरकला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, कॅस्पियनचा पूर्व काठ, रशिया, फिनलंड, नॉर्वे. आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला घासून तो कॅनडावरून खाली आला.

"अगं, न्यूयॉर्कला जायचं तर हे आइसलँडला कशाला निघालंय?"

कारण तीच जवळची वाट. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा सांगतात, तो या ताणलेल्या दोऱ्याचा असतो: सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पट्टीच्या रेघेनं गेलात, तर चौदा हजारांच्या वर.

गोलाचा व्यास 30 सेंटीमीटर. म्हणजे एका सेंटीमीटरात साधारण 425 किलोमीटर. दोरा भरला साडेएकोणतीस सेंटीमीटर. पट्टीवर मोजून आप्पांनी मान डोलावली. सुताचं माप त्यांना कुणी शिकवायला नको. सिंगापूर ते न्यूयॉर्क, जगातल्या सर्वांत लांब विमानप्रवासांपैकी एक, 15,349 किलोमीटर. तो दोरा छत्तीस सेंटीमीटरांचा.

विमान मात्र दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा वळसे पडले. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारं वाहतं. म्हणून अमेरिकेला जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. अंतर तेच, घड्याळ वेगळं.

(दृश्य : होटगी रस्ता, विमानतळाचं कुंपण.)

सोलापूरकरांना विमानाचं अंतर किलोमीटरात नव्हे, वर्षांत मोजायची सवय. धावपट्टीच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी 2023 च्या जूनमध्ये पाडली. त्यावरून गावात किती भांडणं झाली, ते इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. पुढे 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान उडालं.

(दृश्य : पुन्हा गोल. नात दोरा आखूड करतेय.)

"आता सोलापूर ते मुंबई बघू."

हवाई अंतर 360 किलोमीटरांच्या आसपास. गोलावर एक सेंटीमीटरसुद्धा नाही. आप्पांनी बोट ठेवलं, तर दोन्ही शहरं त्याखाली झाकली गेली.

"मग तुमचं तिकीट विमानाचं काढू का?"

"नको. मुंबईपर्यंत सिद्धेश्वर एक्सप्रेसच बरी," आप्पा म्हणाले. "शेंगाचटणीचा डबा मांडीवर ठेवता येतो."

(दृश्य : आप्पा दोरा गुंडाळून खिशात ठेवतात. माग पुन्हा सुरू.)