पुठ्ठ्यावरची भोकं, फोनवरच्या ओळी

[अक्कलकोट रोड एमआयडीसी. माग सुरू. मागाचा मूळ आवाज निवेदनाआधी तसाच चालू द्यावा.]

मागाच्या वर बघा. कामगाराच्या डोक्यावर, दोरीनं एकमेकांना शिवलेली पुठ्ठ्याची कार्डं फिरतायत. हे जेकार्ड. 1804 मध्ये फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डनं बांधलेल्या यंत्राचं तत्त्व सोलापुरात आजही चादर विणतंय.

[कार्डांचा क्लोजअप. सुया, हुक.]

एक कार्ड म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. भोक असेल तिथं सुई आरपार जाते, तिचा हुक जागेवर राहतो, वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उठतो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, हुक सुटतो, धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा जातो. पुढचं कार्ड येतं.

चादरीवरचा हा मोर आधी ग्राफ पेपरवर होता. चौकोन चौकोन भरलेला. मग तो ओळीओळीनं सुटा केला, भोकांत उतरवला, आणि माग तो पुन्हा जोडतोय. ॲप बनवणारे पहिल्या कामाला सिरियलायझेशन म्हणतात आणि दुसऱ्याला पार्सिंग.

एक गोष्ट इथंच नीट बघून घ्या. कार्डावर कुठंही नाव नाही. कुठलं भोक कुठल्या हुकचं, हे फक्त जागेवरून ठरतं. शिवताना एक कार्ड उलटं लागलं तरी माग थांबत नाही. तो चुकीची ओळही तितक्याच निष्ठेनं विणतो.

[ऑफिस. खिडकीतून मागाचा आवाज. लॅपटॉप.]

त्याच कारखान्याचं ऑफिस. मालकांची पुतणी इथं व्यापाऱ्यांसाठी ऑर्डरचं ॲप लिहिते. काकांचं म्हणणं सोपं आहे: "अगं, किती डझन ते आलं की झालं की!"

सर्व्हरकडून, म्हणजे माहिती ठेवणाऱ्या संगणकाकडून, ॲपला येतं ते असं. महिरपी कंसात नाव, अपूर्णविराम आणि त्या नावाची माहिती. माल: टॉवेल. डझन: 12. रंग: जांभळा. हे जेसन, माहिती पाठवायची एक लेखनपद्धत. कार्डावर नाव नव्हतं, इथं प्रत्येक गोष्टीला आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी 2001 च्या सुमारास ते पुढं आणलं. आज चालतं ते प्रमाण 2017 चं, आरएफसी 8259 नावाचा इंटरनेटचा नियम-दस्तऐवज. नियम मूठभर. शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम नको. आकड्याआधी फुकटचं शून्य नको. मजकूर यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, हवा. त्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे 'जांभळा' अठरा बाइटचा. काही सर्व्हर तोच शब्द सांकेतिक खुणांत पाठवतात, मग तो छत्तीसवर जातो. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच.

तारखेसाठी मात्र जेसनमध्ये वेगळा प्रकारच नाही. तारीख नुसता मजकूर म्हणून येते. ॲपनं 3 तारीख म्हणजे भारतातली रात्रीची बारा धरली आणि वेळ जागतिक घड्याळात बदलून पाठवली, तर तिकडं ती 2 तारखेच्या संध्याकाळची साडेसहा होते. पुतणीनं ठरवलं की वर्ष-महिना-दिवस एवढंच पाठवायचं, वेळ नाहीच.

[स्क्रीन रेकॉर्डिंग. लाल ओळ.]

आणि आता ही लाल ओळ. ती आम्ही मुद्दाम जास्त वेळ पडद्यावर ठेवली आहे.

ॲप कॉटलिन या प्रोग्रामिंग भाषेत आहे. त्यात आधी जेसन वाचायला होती ती जावा या आधीच्या भाषेच्या काळातली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. भाव आलाच पाहिजे, असं तुम्ही कॉटलिनमध्ये कितीही ठणकावून लिहा, तिला ते कळत नाही. सर्व्हरनं भाव पाठवला नाही, तर ती ऑर्डर बांधते आणि भावाच्या जागी शून्य ठेवून मोकळी होते. रंग राहिला तर रिकामी जागा. ॲप तिथं पडत नाही. चार स्क्रीन पुढं कुणी तो रंग वापरायला गेलं की पडतं, आणि मग शोधत बसा.

पुतणीनं ती लायब्ररी काढून कॉटलिनसाठीचं कॉटलिनएक्स सिरियलायझेशन घातलं. 2020 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. डेटा क्लासच्या, म्हणजे ऑर्डरमध्ये काय काय असतं त्या साच्याच्या, डोक्यावर एक खूण लावायची. वाचायचा आणि लिहायचा कोड ॲप बांधलं जातानाच (कंपाइल होताना) तयार होतो. भाव नसेल आणि त्याऐवजी काय धरायचं तेही कोडमध्ये दिलेलं नसेल, तर वाचन तिथंच थांबतं आणि कुठलं फील्ड, म्हणजे कुठली नोंद, नाही ते नावानिशी सांगतं. तीच ही लाल ओळ. काकांना ती आवडत नाही. "सारखं अडतंय की हे," म्हणतात. अडू दे.

शून्य भावाची काही बिलं त्याआधीच हैदराबादला गेली होती. वसुलीला दिवाळी उलटली.

[चाटी गल्ली. दुकान. व्यापाऱ्याच्या हातात साधा फोन, यादी अडखळतेय.]

चाटी गल्लीत अडचण वेगळी होती. मालाची पूर्ण यादी एका दमात यायची आणि स्क्रीन रंगवणाऱ्या धाग्यावरच (हा धागा सुताचा नव्हे, फोनमधल्या कामांची एक रांग) वाचली जायची. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची, तर एका चित्राला सोळा मिलिसेकंद मिळतात. पाच सेकंद बोटाला उत्तर मिळालं नाही, तर फोनमधलं अँड्रॉइड विचारतं, ॲप बंद करायचं का? आता वाचन मागच्या धाग्यावर होतं आणि यादी तुकड्यातुकड्यांनी येते.

[त्याच दुकानात दोन फोन, दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी.]

उजवीकडच्या फोनवर जुनी आवृत्ती आहे. सर्व्हरनं 'वजन' हे नवं फील्ड पाठवायला सुरुवात केली, तर कॉटलिनएक्स अनोळखी नाव दिसलं म्हणूनही थांबतं. तेवढ्यापुरती सूट तिनं दिली आहे: अनोळखी ते सोडून द्या, हवं ते नसेल तर थांबा. 'डझन'च्या जागी 'नग' आणायचं ठरलंय. पण अपडेट कधी घ्यायचं हे व्यापारी ठरवतात, म्हणून सध्या सर्व्हर दोन्ही पाठवतो.