गेटवरचे उस्ताद

नमस्कार मंडळी, म्हणजे आज राम राम म्हणतो, का ते पुढे कळेलच.

आपल्या नाशिकरोड-देवळाली पट्ट्यात घरटी नाही तरी गल्लीत एक तरी फौजी सापडतोच. एका बाजूला आर्टिलरी सेंटर, पलीकडे स्कूल ऑफ आर्टिलरी, त्यामुळे गनांचे धमाके ऐकतच आपण मोठे झालो. (आणि देवळालीच म्हणा हो, देवलाली नाही, ळ काय विकत आणावा लागतो का! इंग्रजांनाही जमलं नाही. मुदत संपलेले त्यांचे सोल्जर इथल्या कॅम्पात जहाजाची वाट बघत रिकामे बसून डोक्यावर परिणाम करून घ्यायचे, त्यावरून त्यांच्या भाषेत वेड लागण्याला डुलाली शब्द पडला.)

तर हेच, रिकामं बसणं. डिस्चार्ज मिळाला, घरी आला, दोन महिने सत्कार, मग काय? पुष्कळांना वाटतं बँकेत नाहीतर सोसायटीच्या गेटवर. पण वर्दी परत घालायचा रस्ता आहे, डीएससी, डिफेन्स सिक्युरिटी कोअर. १९४७ सालची कोअर, सेंटर केरळात कन्नूरला. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स, तिघांच्या डेपो-स्टेशनांची राखण हेच लोक करतात, म्हणजे आयुष्यभर तोफखान्यात राहिलेला माणूस उद्या एअरफोर्सच्या गेटवर उभा दिसू शकतो. मेडिकल परत होतं आणि त्यात कानही तपासतात, तोफेवरच्या गनरलोकांनो, कान सांभाळा!

एक गोष्ट मात्र आधी पचवा. रँक जाते. शिपाई, नाईक, हवालदार अशी शिडी चढून हवालदार म्हणून सुटलात तरी डीएससीत परत शिपाई. परत सांगतो, परत शिपाई.

आता आमच्या मामांचं ऐका, खरं तर यासाठीच आज माईकसमोर बसलोय. मामा गनर, मधली तीन वर्षं इथेच सेंटरला रिक्रूट घडवायला होते. तिथे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आवाज असा की मामी म्हणायची, हे नाशिकरोडला ओरडले की भगूरची म्हैस उठते. २४ वर्षं झाली, हवालदार म्हणून घरी आले, चार महिन्यांत मामीला भाजी कशी चिरायची ते शिकवायला लागले तेव्हा मामीनेच फॉर्म आणून समोर ठेवला. गेले डीएससीत. पट्ट्या उतरल्या.

दहाएक वर्षांनी एका एअरफोर्स स्टेशनच्या गेटवर मामांची ड्यूटी. सकाळी जिप्सी आली, आत एक नवा कोरा नायब सुभेदार, म्हणजे हवालदाराच्या वरची रँक, तोफखान्याचाच. मामांनी सावधान होऊन म्हटलं, राम राम साहेब, आयडी कार्ड. साहेबांनी खिसे चाचपले, कार्ड नाही, दुसऱ्या वर्दीत राहिलं. मग जरा आवाज चढवून म्हणाले, अरे वर्दी दिसत नाही का? मामा म्हणाले, वर्दी दिसते साहेब, कार्ड दिसत नाही.

तो आवाज ऐकला आणि साहेब खालीच उतरले. उस्ताद, तुम्ही? वीस वर्षांपूर्वी ह्याच पोराला मामांनी बूट चकाकले नाहीत म्हणून भर उन्हात ग्राउंडभर फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या, मारायला लावलेले, फौजेत ह्याला रगडा म्हणतात! मामांनीही ओळखलं, डोळ्यात पाणीबिणी आलं, पण गेट? गेट बंदच. आत फोन लावला, खात्री होईस्तोवर तब्बल चाळीस मिनिटं साहेब गेटच्या बाहेर, आणि मामांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा तिथेच नेऊन दिला, तोही सावधान उभं राहून. साहेब हसत म्हणाले, उस्ताद, अजून रगडा देताय. मामा म्हणाले, साहेब, तेव्हा तुम्ही शिपाई होता, आता मी आहे, कार्ड तेव्हाही लागायचं.

(आणि असल्या माणसाला सोसायटीवाले ए वॉचमन म्हणून हाक मारतात आणि पगार सांगताना घासाघीस करतात, जाऊ दे, तो विषय काढला की माझा वेळ संपतो.)

संपतच आलाय. तर पेन्शनचं, डीएससीत जाताना ऑप्शन विचारतात, पहिली पेन्शन चालू ठेवायची की थांबवून जुनी सर्व्हिस नव्या सर्व्हिसला जोडायची. पहिली चालू ठेवली तर दुसऱ्या पेन्शनला तिथली १५ वर्षं भरावी लागतात. सहीच्या आधी वाचा, घरात बोला, मग सही. सहीच्या आधी! टेरिटोरियल आर्मी, म्हणजे आपला कामधंदा सांभाळून करायची अर्धवेळ फौज, तीही आहे, १९४९ पासून, पण ती पोटापाण्याची कायमची नोकरी समजून जाऊ नका. आणि २०२२ च्या अग्निपथ, म्हणजे चार वर्षांच्या फौजी भरतीच्या योजनेतल्या पोरांचं चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंतच कायम होणार, बाकीच्यांनी आत्तापासून विचार करा. चौकशीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जाताना डिस्चार्ज बुक न्या, झेरॉक्स नाही, ओरिजिनल.

मामांची १५ भरली. त्यांच्याकडे आता दोन डिस्चार्ज बुकं आहेत, चिवड्याच्या डब्यात ठेवलेली, एकावर हवालदार, दुसऱ्यावर नाईक. पाहुणे आले की मामी पहिलं काढते, मामा दुसरं.