स्क्रिप्ट ‘झालं’ म्हणते तेव्हा

कुबरनेटिसवर, म्हणजे अनेक मशीनवर कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी) चालवणाऱ्या प्रणालीवर, सर्व्हिस चढवायला आज तयार साधनांची कमतरता नाही. तरी आज मी शेल स्क्रिप्टबद्दल, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडच्या फाइलबद्दल, बोलणार आहे, कारण ती साधनं पडद्याआड जे करतात ते इथे ओळीओळीत उघडं दिसतं. शिवाय पाच-सहा सर्व्हिस असतील तर नीट लिहिलेली शंभरेक ओळींची स्क्रिप्ट पुरते, असं माझं ठाम मत आहे. नीट लिहिलेली म्हणजे कशी? ती शेवटी ‘झालं’ म्हणते, तेव्हा काम खरंच झालेलं असतं.

हे मला एका संध्याकाळी कळलं. एका सर्व्हिसमधला दोष सुधारला होता आणि स्क्रिप्ट चालवली. शेवटी हिरव्या अक्षरांत ‘डिप्लॉय यशस्वी’ आलं, पण दोष जागेवरच. दोन तास आम्ही तोच कोड पुन्हा पुन्हा वाचत बसलो. मग कुणीतरी स्क्रीन वर सरकवून आउटपुट नीट पाहिलं. कुबसीटीएल अप्लाय, म्हणजे यॅमल फाइलमध्ये लिहिलेली मागणी कुबरनेटिसला कळवणारी कमांड. तिच्या पुढे एकच शब्द होता : ‘अनचेंज्ड’, काहीच बदललं नाही. आम्ही प्रत्येक इमेजला, म्हणजे ज्यातून कंटेनर सुरू होतो त्या बांधलेल्या प्रतीला, ‘लेटेस्ट’ हाच टॅग देत होतो. रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज ठेवायच्या कोठारात, इमेज नवी गेली होती, पण यॅमल फाइलमधलं एक अक्षरही बदललं नव्हतं. मग क्लस्टरने, म्हणजे कुबरनेटिसच्या मशीनसमूहाने, नवे पॉड (कंटेनर चालवणारं लहानात लहान एकक) का उभे करावेत? कमांड संपताना जो आकडा देते तो एक्झिट कोड, आणि शून्य म्हणजे ती फसली नाही. अप्लायने शून्य दिला आणि स्क्रिप्टने तो यश मानला.

तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये टॅग म्हणजे गिट कमिटचा हॅश, कोडच्या त्या नोंदीची ओळख. कोड बदलला की टॅग बदलतो, टॅग बदलला की रोलआउट, म्हणजे जुन्या पॉडच्या जागी नवे आणणं, सुरू होतो. आणि कोणत्या पॉडमध्ये कोणता कोड आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आता स्क्रिप्टची पहिली ओळ. ‘सेट’सोबत ई, यू आणि पाइपफेल हे तिन्ही पर्याय लावा : ‘ई’ने कमांड फसली की स्क्रिप्ट थांबते, ‘यू’ने न ठरवलेलं व्हेरिएबल चूक धरलं जातं, आणि पाइपफेलने पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी अख्खी पाइपलाइन फसली असं धरलं जातं. त्यातला पाइपफेल लोक हमखास विसरतात. इमेज बांधणाऱ्या डॉकर बिल्डचा आउटपुट तुम्ही पाइपने ‘टी’ कमांडला देता, म्हणजे तो स्क्रीनवरही दिसतो आणि लॉग फाइलमध्येही जातो. बिल्ड फसलं तरी ‘टी’ आपलं काम व्यवस्थित करतं, आणि पाइपफेल नसेल तर शेल अख्ख्या पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरवतो. म्हणजे अपयश गिळलं जातं. त्यात टॅग ‘लेटेस्ट’ असेल तर मशीनवर पडलेली कालची इमेज पुन्हा पुश होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. टॅग हॅशचा असता तर त्या नावाची इमेजच सापडली नसती आणि पुश तिथेच अडला असता.

‘ई’ पर्यायावरही डोळे मिटून विसंबू नका. फंक्शनमध्ये ‘लोकल’ लिहून त्याच ओळीत कमांडचा निकाल व्हेरिएबलमध्ये घेतला, तर कमांड फसली तरी एक्झिट कोड ‘लोकल’चा मिळतो, आणि तो शून्य असतो. घोषणा एका ओळीत, नेमणूक दुसऱ्या ओळीत, एवढी सवय लावून घ्या.

अप्लाय संपलं म्हणजे क्लस्टरने तुमची मागणी नोंदवून घेतली, इतकंच. पॉड उभे राहायचे असतात. म्हणून त्यानंतर रोलआउट पुरा होईपर्यंत थांबणारं कुबसीटीएल रोलआउट स्टेटस हवं, आणि त्याला टाइमआउट हवा. टाइमआउट दिला नाही तर डिप्लॉयमेंटची, म्हणजे यॅमलमधल्या त्या सर्व्हिसच्या नोंदीची, स्वतःची मुदत लागू होते, ती मुळात 600 सेकंद असते. पण रेडिनेस प्रोब, म्हणजे कंटेनर काम घ्यायला तयार आहे का ते बघणारी तपासणी, लिहिलाच नसेल, तर कंटेनर सुरू झाला की क्लस्टर त्याला तयार समजतो. आतली सर्व्हिस अजून डेटाबेसशी जोडली जात असली तरी रोलआउट स्टेटस यश सांगून मोकळं होतं.

रोलआउट फसला की लगेच अनडू करू नका, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परत जाऊ नका. आधी पॉडचा डिस्क्राइब (त्याची सविस्तर स्थिती) आणि मागच्या कंटेनरचा लॉग फाइलमध्ये घ्या, मग अनडू. अनडूबरोबर फसलेले पॉड जातात, आणि पुरावाही त्यांच्याबरोबरच जातो.

एक शेल स्क्रिप्ट कंटेनरच्या आतही असते, एंट्रीपॉइंटची, कंटेनर सुरू होताना आधी चालणारी. तिच्या शेवटच्या ओळीत शेलच्या जागी तुमचा प्रोग्राम बसवणारं ‘एक्झेक’ आहे का, ते आज परत गेल्यावर बघा. नसेल तर पहिली प्रोसेस शेलच राहतो. पॉड बंद करताना आलेला सिगटर्म, म्हणजे ‘आवरून बंद हो’ हा इशारा, शेलला मिळतो, तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. क्लस्टर 30 सेकंद वाट बघतो आणि मग तत्काळ मारणारा सिगकिल पाठवतो. हातात घेतलेल्या रिक्वेस्ट अर्ध्यावर तुटतात आणि मागे एक्झिट कोड 137 राहतो, म्हणजे 128 अधिक सिगकिलचा क्रमांक 9. हा आकडा दिसला की बहुतेक जण मेमरी कमी पडली असं समजून मेमरी वाढवतात. दर डिप्लॉयलाच तो दिसत असेल तर आधी एंट्रीपॉइंट उघडा.

कोणती सर्व्हिस आधी चढवायची, हा प्रश्न नेहमी येतो. तो क्रम स्क्रिप्टमध्ये कोंबू नका, असं मी सांगेन. रोलआउट चालू असताना जुने आणि नवे पॉड एकाच वेळी काम करत असतात, त्यामुळे क्रम कितीही पाळला तरी दोन आवृत्त्या समोरासमोर येणारच. डेटाबेसचंही तसंच. अनडू इमेज मागे नेतं, टेबल नाही. नवा कॉलम आधी जोडा, जुना तसाच राहू द्या. नवी आवृत्ती स्थिरावली आणि मागे फिरायची गरज उरली नाही, की जुना कॉलम पुढच्या एखाद्या डिप्लॉयमध्ये काढा.