डोंगा ते फायबर: नागपूरच्या तलावांवरचा घरचा धंदा

(दृश्य: पहाट, खिंडसी तलाव. काठावर पालथ्या घातलेल्या नावा.)

रामटेकचा गड उतरलेली माणसं खिंडसीला येतात आणि नावेत बसतात. हा तलाव इंग्रजांच्या काळात शेतीसाठी बांधला गेला. नागपुरातला अंबाझरी १८७० च्या सुमारास शहराच्या पाण्यासाठी झाला. हौसेची फेरी इथं मागाहून आली. वल्हं हाती धरायला पुष्कळदा पुढे आली ती ढिवर, भोई, कहार यांची घरं. मासेमारीमुळे पाणी त्यांच्या ओळखीचं होतं.

(दृश्य: लाकडी नावेची सांध.)

आधी डोंगा, म्हणजे कोरलेला बुंधा. मग फळ्यांची नाव. फळ्यांच्या सांधीत सुताची वात ठोकायची, वरून डांबर. उन्हाळ्यात अशी नाव काठावर पडून राहिली की लाकूड आकसतं आणि सांधी उघडतात. म्हणून फेऱ्या सुरू करण्याआधी ती भिजत ठेवायची. लाकूड फुगलं की गळती आपोआप कमी होते. हे बापाकडून मुलाकडे हाताहातानं जायचं.

(दृश्य: फायबरची दुरुस्ती, जवळून.)

फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिन थापून केलेल्या नावा आल्या आणि हातातलं काम बदललं. तळ खडकावर घासून भोक पडलं, तर भोवतीचा चार बोटं भाग घासून खडबडीत करायचा, पूर्ण वाळवायचा, ॲसिटोननं पुसायचा. ओल राहिली तर थापलेला थर पुढे पापुद्र्यासारखा निघतो. मग काचतंतूंच्या मॅटचे तीन-चार तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा, रेझिननं, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवानं, भिजवत बसवायचे. रेझिनमध्ये हार्डनर, म्हणजे त्याला घट्ट करणारं द्रव, वजनाच्या एक ते दोन टक्के. नागपूरच्या मे महिन्यात मात्र एकच टक्का, तोही पहाटे, आणि एका वेळी पाव लिटरच. जास्त कालवलं तर डबा हातातच तापतो आणि रेझिन गोठतं. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नये, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर शेवटी.

(दृश्य: मोटरबोट, जलपर्णी.)

इंजिनाच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडत असते. ती थांबली की इंजिन लगेच बंद. बहुतेकदा जलपर्णी किंवा प्लास्टिकची पिशवी इंजिन थंड ठेवणारं पाणी आत घेणारं तोंड बुजवते. पॅडल बोटीत हाच कचरा आसाला गुंडाळतो.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, तसा तरंगता धक्काही सरकवावा लागतो. धक्क्याखालचा दोनशे लिटरचा बंद पिंप स्वतःचं वजन वजा जाता साधारण १८० किलो तोलतो. हिशोबात निम्मेच धरावेत, कारण माणसं एकाच कडेला गोळा होतात.

नावेतही तेच. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुलं बुडाली. उभा राहिलेला माणूस नावेचा भार वर चढवतो, तोल बिघडतो. दोघे-तिघे फोटोसाठी एका बाजूला झुकले की नावेची कड पाण्याखाली जायला क्षण पुरतो. म्हणून कोण कुठे बसेल हे नावाडीच ठरवतो, जड माणूस मधोमध. लाइफ जॅकेटचा पट्टा तो स्वतः ओढून पाहतो. लहान मुलाचा मांड्यांमधला पट्टा सुटा असेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली निसटतं.

(दृश्य: संध्याकाळ.)

शेवटच्या फेरीनंतर तळाचं बूच काढतात, नाव पालथी घालतात. जॅकेटं सावलीत टांगतात, कारण उन्हानं कापड कुजतं. बकल तुटलेलं जॅकेट मात्र दोरीवर जात नाही, बाजूला पडतं.