खेळ आधी, माप नंतर

सॉलिड अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर असलेल्या गाडीचं स्टिअरिंग तपासतोय. आधी सांध्यांमधला खेळ, म्हणजे सैलपणा; मग चाकांचं माप. इंजिन चालू, चारही चाकं जमिनीवर. आत बसलेला माणूस स्टिअरिंग जेमतेम डावीकडे-उजवीकडे हलवतोय. आता खालून बघा. ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा, सरकते, पण तिला जोडलेला आर्म क्षणभर हलतच नाही. म्हणजे त्या सांध्यात खेळ आहे. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या दोन्ही टोकांना हेच बघायचं. मग अ‍ॅक्सलला चासीशी आडवा जोडणारा पॅनहार्ड रॉड: टोकातला रबरी बुश फाटलाय का, बोल्टचं भोक लांबट झालंय का. पुढचा अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून हा एकच रॉड असतो आणि नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

आता चाक उचललंय, अ‍ॅक्सलखाली स्टँड आहे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवलं, खटखट आली. ब्रेक दाबायला सांगितलं, खटखट थांबली. म्हणजे व्हील बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही आली असती, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, बघावा लागला असता. डावी-उजवीकडे हलवून टाय रॉड एंड, म्हणजे त्याच्या टोकांचे सांधे, कळतात.

हे सगळं मोजमापाच्या आधी, कारण सैल सांध्यांवर घेतलेलं माप गाडी दोन फूट ढकलली की बदलतं. आणि खेळ तसाच ठेवला तर वेगात एखाद्या खड्ड्यावर पुढची चाकं थडथडू लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. स्टिअरिंगचे धक्के शोषणारा नवा डॅम्पर लावून हा हादरा दबतो, जात नाही.

आता टो, म्हणजे पुढची चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. दोन्ही टायरांवर पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूची बारीक खूण. दोन खुणांमधलं अंतर घेतलं. मग गाडी पुढे ढकलली, त्याच खुणा मागच्या बाजूला हबच्या उंचीवर आल्या, पुन्हा माप. खुणा त्याच असल्यामुळे टायर थोडा वाकडा असला तरी माप चुकत नाही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. सॉलिड अ‍ॅक्सलच्या बहुतेक गाड्यांत हा फरक शून्य ते 3 मिलिमीटर असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. त्यामुळे रॉड फिरवला की दोन्ही टोकं एकदम बाहेर किंवा एकदम आत जातात. या गाडीत रॉड अ‍ॅक्सलच्या मागे आहे, म्हणून लांबी वाढवली की चाकं पुढून जवळ येतात. रॉड पुढे असेल तिथे उलट. पाव फेरा दिला, गाडी पुढे-मागे ढकलली, पुन्हा मोजलं. घाई इथेच करू नये. माप जमलं की दोन्ही एंड एका पातळीत धरून चेकनट, म्हणजे रॉड फिरू न देणारे नट, आवळायचे.

गाडी सरळ चालते पण स्टिअरिंग तिरकं आहे? मग टाय रॉडला हात लावू नका, ड्रॅग लिंकची लांबी जुळवा. सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडीची उंची वाढवलेली असेल तर कॅस्टरही, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, तपासावा लागतो, तो कमी झालेला असतो.

सांध्याच्या खाचेच्या नटात कॉटर पिनचं, म्हणजे नट सुटू न देणाऱ्या पिनेचं, भोक जुळलं नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. सैल कधीच करायचा नाही. शेवटी ग्रीसगन. सांध्यावरच्या निपलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडातून, दाबत राहा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. बघा, कसा चिखल निघतोय. गाडी पाण्यातून काढली की हे काम पुढच्या फेरीवर ढकलू नका.